चिरेबंदी वाड्यातली शोकात्मिका

शोकात्मिकेत माणसाची इच्छा आणि समाजाची रीत समोरासमोर येतात, तेव्हा रीत लादणारा कुणीतरी रंगमंचावर हवा असतो. सोफोक्लिसच्या ‘अँटिगनी’त तो राजा क्रिऑन आहे, तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेबाईंना घेरणारे अख्खे टोळकेच आहे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त मात्र पडदा उघडतो तेव्हा असा माणूस मरून गेलेला असतो. धरणगावकर देशपांड्यांचे तात्याजी वारले आहेत, आणि तरी घरात चालते ती त्यांचीच.

एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. हे नाटक वऱ्हाडातल्या खेड्यातल्या देशस्थ घराण्याचे. मोर्शी-वरुडपासून पुसदपर्यंत अशा जमीनदार घरांचे दिवस १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांनी पालटले. उत्पन्न आटले, इभ्रत मात्र जुन्याच मापाची राहिली. नाटकातला सगळा पेच या तफावतीतून येतो.

तात्याजींची तेरवी कशी करायची, हा वरवरचा प्रश्न. गावजेवण घालायला पैसा नाही आणि न घालावे तर लोक काय म्हणतील! शेवटी वाड्याचाच काही भाग विकायची वेळ येते. घराण्याची शान राखायला घराणेच मोडीत काढायचे, आणि यात कुणाला विसंगती वाटत नाही.

या हिशेबात सर्वांत जास्त भरडली जाते ती प्रभा. हुशार मुलगी, पुढे शिकायचे होते. तात्याजींनी जाऊ दिले नाही. लग्नही झाले नाही. तिच्या वाट्याला पुस्तके आणि कडवटपणा आला. धाकटा चंदू घरात गड्यासारखा राबतो. त्याला काय हवे होते, हे कुणी विचारतही नाही. मुंबईकर सुधीरने कोकणस्थ अंजलीशी लग्न करून वाट वेगळी केली, पण वाटणीचा विषय निघाला की तोही देशपांडेच. थोरला भास्कर आणि वहिनी यांना घर सोडायचे नाही, सोडवतही नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे.

नाटककाराचे खरे कसब दागिन्यांच्या प्रवेशात दिसते. रात्री वहिनी घराण्याचे सोने अंगावर घालून बघते. हौस तिची स्वतःची, पण ते सोने ल्यायलेल्या आधीच्या सगळ्या बायका जणू तिच्या अंगावर चढतात. स्वतःची इच्छा कुठे संपते आणि घराण्याची कुठे सुरू होते, हे तिला सांगता येणार नाही. म्हणूनच या नाटकात खलनायक शोधणे फोल आहे: रीत बाहेरून लादलेली नाही, ती मुरलेली आहे.

बंड करते ती एकटी रंजू, भास्कर-वहिनींची मुलगी. शिकवणीच्या मास्तरबरोबर ती मुंबईला पळते, सोबत तेच दागिने नेते. रंजू परत येते. सोने येत नाही. वऱ्हाडात हा प्रसंग वेगळाच बोचतो, कारण या मुलखाच्या कथांत मुलीच्या मनाचे झालेले आहे. वर्धेकाठच्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीने भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून कृष्णाला बोलावले. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याच्या धरणाला नल-दमयंती सागर म्हणतात. ती दमयंतीही देवांना डावलून नळाला वरणारी. पण त्या दोघींनी निवडलेले पुरुष राजे होते. रंजूच्या स्वप्नाचा आवाका मुंबई आणि सिनेमा एवढाच, आणि तो मास्तर भामटा.

१९८५ साली ‘कलावैभव’ने विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक आणले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहून एलकुंचवारांनी तेच कुटुंब पुढच्या पिढीपर्यंत नेले. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटके सलग बसवली, प्रयोग सुमारे नऊ तासांचा होई. ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्रयीत वाड्याचा धाक ओसरत जातो, हाती पैसाही येतो, पण तोवर प्रभाचे शिकायचे वय निघून गेलेले असते.