दर्शक फलक, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारगाडीचा

मोटारगाडीची गती, एंजिनाचे दर मिनिटास होणारे फेरे, टाकीतील पेट्रोल, शीतक पाण्याचे तापमान, तेलाचा दाब इ. गोष्टी चालकास एका दृष्टिक्षेपात कळाव्यात म्हणून सुकाणू चक्रासमोर बसविलेल्या दर्शकांच्या व सूचक दिव्यांच्या समूहास दर्शक फलक म्हणतात. वीसतीस वर्षांहून जुन्या गाडीत दर्शक सुस्थितीत असूनही त्यांना जोडणाऱ्या तारा निकामी होतात व फलकाची नव्याने तारजोडणी करावी लागते.

एमजीबी (१९६२–८०) व ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२–८०) या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांच्या फलकांची रचना नमुनेदार मानता येईल. स्पिटफायरचा सांगाडा हेरल्ड गाडीच्या सांगाड्यावर आधारलेला होता. हेरल्डचे उत्पादन मद्रास (आता चेन्नई) येथे १९६१ पासून होत असे. त्यामुळे हेरल्डची तारजोडणी जाणणाऱ्या भारतीय कारागिरास स्पिटफायरची रचना अपरिचित वाटत नाही.

तारांच्या ऱ्हासाची कारणे : जुन्या तारांवर रबर व सुती विणीचे आवरण असे, पुढे पीव्हीसीचे आवरण रूढ झाले. जळगावच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या ताठ नळांचे द्रव्य मुळात हेच. मात्र तारेसाठी ते लवचिक व्हावे म्हणून त्यात मृदुकारी द्रव्य मिसळतात. उष्णतेने हे द्रव्य हळूहळू उडून जाते आणि आवरण ठिसूळ होऊन त्याला तडे जातात. जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या वर जाऊ शकते आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा फलक हवेपेक्षाही बराच अधिक तापतो. त्यामुळे खानदेशात हा ऱ्हास लवकर होतो. सांध्यांत शिरणारी धूळ व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे सांध्यांचा रोध वाढतो, तो वेगळाच.

दर्शकांचे कार्य : पेट्रोल व तापमान यांच्या दर्शकांत बहुधा द्विधातू पट्टीभोवती तापनतार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की पट्टी अधिक वाकते व काटा पुढे सरकतो. घटमालेचा दाब बदलला तरी काटा ढळू नये म्हणून एका दाब स्थिरकातून सरासरी सु. १० व्होल्ट दाब पुरवितात. स्थिरकातील द्विधातू पट्टी तापून संपर्क तोडते व निवून तो पुन्हा जोडते. दर्शक मंदगती असल्याने या उघडझापीचा परिणाम काट्यावर दिसत नाही.

या रचनेतील दोषांचे निदान तर्काने करता येते. स्थिरकाचा सांगाड्याशी असलेला संपर्क तुटल्यास त्याची पट्टी तापत नाही, संपर्क कायम जोडलेला राहतो व दोन्ही दर्शक एकदमच जास्त दाखवितात. एकाच दर्शकाच्या मार्गात अधिक रोध आल्यास तो कमी दाखवितो. पेट्रोल कमी दिसण्याने फारसे बिघडत नाही; परंतु पाणी उकळू लागलेले असता तापमान कमी दिसले, तर चालक गाडी थांबवीत नाही व एंजिनाचे गंभीर नुकसान होते. धुळ्याजवळ मुंबई–आग्रा व सुरत–कोलकाता हे महामार्ग परस्परांना छेदतात. अशा मार्गांवर वैशाख महिन्यात लांबचा प्रवास करताना हा दोष विशेष महाग पडतो.

पुनर्जोडणी : प्रथम घटमाला अलग करतात. काही गाड्यांत तेलाचा दाब व पाण्याचे तापमान बारीक नळीवाटे दर्शविले जाते. फलक पुढे ओढताना ही नळी मोडू देऊ नये. प्रत्येक तारेस खूणचिठ्ठी बांधून आकृती काढतात व मगच तारा सोडवितात. ब्रिटिश गाड्यांत रंगांचा संकेत पाळलेला असतो : तपकिरी तार घटमालेला सतत जोडलेली, पांढरी प्रज्वलन खटक्यातून येणारी, हिरवी त्यापुढे वितळतारेतून आलेली, तांबडी-पांढरी फलकाच्या दिव्यांची आणि काळी सांगाड्यास जोडणारी. नवी तार शक्यतो त्याच रंगाची व जाडीची घेतात. ०·३० मिमी. व्यासाच्या १४ तंतूंची तार (सु. १ चौ. मिमी. छेदाची) दर्शक व दिवे यांना पुरेशी होते. सांधे पिळून न ठेवता योग्य टोपणांनी दाबून पक्के करतात आणि पत्र्यातील भोकांत रबरी कडी बसवितात.

१९६० नंतरच्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. एमजीबीत १९६७ मध्ये ऋण टोक जोडण्यास सुरुवात झाली. इलेक्ट्रॉनीय स्थिरक किंवा फेरेमापक बसविण्यापूर्वी हे तपासणे अत्यावश्यक असते. तसेच जनित्राऐवजी प्रत्यावर्तक बसविला असल्यास जुन्या प्रवाहमापकावर अतिरिक्त भार येतो. त्याची अग्रे सैल असल्यास तापून आग लागू शकते. म्हणून तेथे व्होल्टमापक बसविणे श्रेयस्कर असते. भारणाच्या सूचक दिव्यातून प्रत्यावर्तकास आरंभीचा प्रवाह मिळत असल्याने तो दिवा काढून टाकू नये.

शेवटी प्रत्येक मंडलाची अखंडता मापकाने तपासतात व लहान क्षमतेची वितळतार घालून घटमाला जोडतात. एंजिन बंद असता सु. १२·६ व्होल्ट आणि चालू असता १३·८ ते १४·४ व्होल्ट दाब मिळाल्यास जोडणी व भारण ठीक समजतात.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी होते. त्यासाठी सांगाडा, बाह्यांग व एंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. मूळ दर्शक कायम ठेवून केवळ तारा बदलण्याची पद्धत या दृष्टीनेही उपयुक्त ठरते.