धुळे लाइनीवरचे एक गाव

खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तो 1818 मध्ये. कॅप्टन ब्रिग्जने पांझरेकाठच्या धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले. कलेक्टर कचेरी तिथे, मुंबई-आग्रा रस्ताही तिथूनच. तरी 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे इगतपुरीहून पुढे आली ती चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत थेट भुसावळला गेली. तिला नागपूर आणि जबलपूर गाठायचे होते. कलेक्टर कुठे बसतो याच्याशी तिला काय कर्तव्य? जळगावच्या दारात गाडी आली, तिथे कापसाची पेठ फुगली. धुळ्याचा कापूस मात्र बैलगाडीतच राहिला. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि पूर्वेचे ठाणे जळगावला गेले, यात रुळांचा वाटा मोठा होता असे मला वाटते.

धुळ्याला गाडी मिळाली ती 1900 मध्ये, तीही चाळीसगावहून काढलेला जेमतेम 56 किलोमीटरचा फाटा म्हणून. भोरस बुद्रुक, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी प्रगणे लळिंग ही त्यावरची स्टेशने. धुळ्याला पोचले की रूळ संपले.

या फाट्यावरचा सर्वांत मोलाचा प्रवास 1929 मधला आहे. अस्पृश्यांवरील अन्यायाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले आणि धुळे लाइनीवरच्या एका गावी गेले. तिथल्या सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. गावाचे नाव त्यांनी आपल्या आठवणींत दिलेले नाही. वरच्या यादीतले कुठलेही छोटे स्टेशन त्या दिवशी त्यांच्या पायाखाली आले असेल. माहिती घेऊन पुढच्याच गाडीने ते चाळीसगावला परतले. स्टेशनात हारतुरे झाले, पण तिथून महारवाड्याकडे निघायला कोणी तयार दिसेना. बाहेर टांगे उभे होते. महाराला घेऊन जाणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेल्या एका महार माणसाने लगाम धरला. नदीवरच्या फरशीपुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले, घोडा-टांगा खाली नदीत गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. रेल्वेच्या डब्यात तिकीट चालले. स्टेशनाबाहेर दोन मैलांच्या वाटेवर जात आडवी आली. रेल्वेने जात मोडली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा टांगा विसरू नये.

फाट्याचे पुढचे आयुष्य संथ गेले. धुळ्याचे मुंबईला जाणारे डबे चाळीसगावला अमृतसर एक्स्प्रेसला जोडले जात. त्यांत जागा मिळाली नाही तर एसटी होतीच. आता विजेच्या तारा आल्या, मेमू गाडी आली.

खरी उलथापालथ बोरविहीरला होते आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च सुमारे 18,036 कोटी रुपये. त्यातला बोरविहीर ते नरडाणा हा जवळपास 50 किलोमीटरचा तुकडा आधीच हाती घेतलेला होता. नरडाणा सुरत-जळगाव मार्गावर आहे. तो मार्ग आणि धुळ्याचा फाटा, दोन्ही साधारण एकाच वेळी तयार झाले. मधले 50 किलोमीटर जोडायचे काम हाती घ्यायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.