दहा टक्के वासरू

2024च्या जानेवारीत कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत मासळीचं मांस वाढवण्यासाठी दिल्लीच्या एका कंपनीशी करार केला. यादीत सुरमई आणि पापलेट! बातमी वाचून आमच्या घरात दोन तट पडले. माशांच्या जिवंत पेशींचं राष्ट्रीय भांडार लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत आहे असं कळलं, तेव्हा ते काम डोळ्यांनी बघावं म्हणून मी तिथे गेले. समुद्रापासून इतक्या लांब मासळीची पेढी का, हा कोकणी प्रश्न मनातच ठेवला.

मासळीचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो स्पिरिटचा.

पेशी सांभाळणाऱ्या मॅडमनी 28 अंशांवरच्या इनक्युबेटरमधून एक चपटी बाटली काढली. तळाशी लालसर पाणी, बाकी काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दाटी: दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी एकमेकींना खेटून तळाला चिकटलेल्या. कुठल्याशा माशाच्या पराच्या तुकड्यातून निघालेल्या. मॅडमनी ते लालसर पाणी, म्हणजे पेशींचं खाद्य असलेलं मीडियम, ओतून टाकून पेशी सुट्या करणारं थोडं ट्रिप्सिन घातलं आणि दोन-तीन मिनिटांनी बाटलीवर तळव्याने हलकी थाप मारली. ‘‘आता बघा.’’ त्या लांबोळ्या पेशींचे गोळे झाले होते, तळ सोडून तरंगत होते. त्यांची दोन बाटल्यांत वाटणी झाली, की संपलं. असं वर्षानुवर्षं चालतं. मासा कधीच मेलेला असतो. माशाच्या अशा वाढत राहणाऱ्या पेशींची पहिली सेल लाइन अमेरिकेत 1962 साली रेनबो ट्राउटच्या जननग्रंथीपासून झाली. ती अजून वाढते आहे.

‘‘मीडियममध्ये असतं काय?’’

‘‘क्षार, अमिनो आम्लं, आणि दहा टक्के सीरम.’’

‘‘कशाचं?’’

‘‘वासराचं. न जन्मलेल्या.’’

चहात साखर किती, हे सांगावं तसं त्या म्हणाल्या. कत्तलखान्यात गाभण गाय कापली की पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात. दहा टक्के. पुढचं सगळं ऐकताना तो आकडा माझ्या कानात होता.

भांडारात पन्नासहून जास्त सेल लाइन्स द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर आहेत. प्रत्येकीची जात जनुक वाचून तपासतात, आणि त्याला कारण आहे: कार्पची म्हणून जगभर वापरलेली ईपीसी ही सेल लाइन फॅटहेड मिनो या भलत्याच माशाची असल्याचं 2010 मध्ये छापून आलं. तोवर किती शोधनिबंध निघाले असतील कोण जाणे.

खरा उपयोग रोगांत. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही. माशाच्या विषाणूला सहसा माशाचीच पेशी लागते. टिलापिया लेक व्हायरस 2014 साली इस्रायलमधून जगापुढे आला आणि 2018 मध्ये भारतातही नोंदला गेला. भिगवणच्या बाजारातली चिलापी हाच तो टिलापिया. तळ्यात चिलापी मरू लागली, तर कारण शोधायला अशी बाटली हाताशी हवी. दुसरा उपयोग विषारीपणा तपासायचा. रसायन पाण्यात किती घातक, हे बघायला जिवंत मासे मारत आले आहेत. 2021 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवरची चाचणी मान्य केली. त्या चाचणीपुरते मासे वाचतात, हे मला पटलं.

ताटातलं पापलेट मात्र पटलं नाही. अमेरिकेत 2025च्या मे महिन्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) पेशींपासून वाढवलेल्या सामनला हरकत नसल्याचं कळवलं आणि पोर्टलंडच्या एका हॉटेलात तो वाढलाही गेला. सीरमविना मीडियम तयार करायची खटपट जगभर चालू आहे, कारण ते दहा टक्के महाग आहेत आणि शाकाहाऱ्यांच्याच काय, कुणाच्याही घशाखाली सहज उतरणारे नाहीत. कोचीच्या बातमीत त्या दहा टक्क्यांचा उल्लेख नव्हता.

पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तो समुद्रातच टिकायचा असेल तर बाजारात तळहाताएवढी कोवळी पापलेटं स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका.