शिक्षणाच्या निर्णयात मुलाचा कौल

चंडीगडच्या उत्तर टोकाला ल कोर्ब्यूझिए यांनी रचलेल्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये विधानसभा आणि सचिवालय यांच्या जोडीला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय उभे आहे. 1955 साली उद्घाटन झालेली ही इमारत आणि तिच्याभोवतीचा परिसर 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्यामुळे तिच्याविषयी बहुतेक लेखन वास्तुकलेच्या अंगाने होते. मुलांच्या ताब्याचे वाद मात्र याच इमारतीत अपिलाच्या किंवा हेबियस कॉर्पस याचिकेच्या, म्हणजे व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याच्या मागणीच्या, रूपाने येतात आणि मूल आईकडे राहणार की वडिलांकडे, या प्रश्नाबरोबरच त्याची शाळा, शिक्षणाचे माध्यम आणि कधी कधी देशही ठरत असतो.

अशा वादांत 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमातील एक तरतूद महत्त्वाची ठरते. अज्ञान मूल, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेले मूल, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते, असे कलम 17 सांगते. त्यासाठी न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात, आईवडिलांच्या अनुपस्थितीत बोलू शकतात, कारण मूल कोणाच्या शिकवणीवरून बोलत आहे का, हेही त्यांना पारखायचे असते. अखेरचा निकष मुलाचे हित हाच राहतो. त्याचा कौल त्या हिताचा एक घटक असतो. ऐकून घेणे आणि निर्णय सोपवणे यांतील हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच पुष्कळ पालकांना मुलांना विचारण्याची धास्ती वाटते.

या व्यवस्थेतील विसंगती अशी की, ज्या घरात आईवडील न्यायालयात जातात तेथील मुलाला निदान एकदा विचारले जाते, पण एकोप्याने नांदणाऱ्या घरातील मुलाला मराठी शाळा की इंग्रजी, घराजवळची की वसतिगृहाची, हे बहुधा कोणीच विचारत नाही. कर्नाटकातील माध्यमसक्तीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2014 मध्ये प्राथमिक शिक्षणाची भाषा निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे मानले, मात्र ते त्याच्या वतीने पालकांनी वापरायचे, असे सांगितले. सहा वर्षांच्या मुलाबाबत हे समजण्यासारखे आहे. मूल वाढत जाते तसा हा प्रतिनिधित्वाचा अधिकार आकसत जायला हवा, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही.

अन्य समाजांनी यावर निरनिराळे तोडगे काढले आहेत. जर्मनीच्या नागरी संहितेनुसार शिक्षण व व्यवसाय ठरवताना पालकांनी मुलाची कुवत आणि कल लक्षात घ्यावा लागतो आणि शंका असल्यास शिक्षकाचा सल्ला घेणे अपेक्षित असते. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या शाळाविषयक कायद्याने आठवी व त्यापुढील वर्ग असलेल्या सार्वजनिक शाळांच्या नियामक मंडळात विद्यार्थ्यांना जागा दिली. अमेरिकेत 1972 मध्ये आमिश या धर्मनिष्ठ समाजातील पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवून त्या मुलांचेही म्हणणे ऐकले पाहिजे असा आग्रह धरला. समाजाची परंपरा जपण्याचा हक्क आणि त्या समाजातील मुलाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडले गेले असेल.

भारताने 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आणि त्याच्या बाराव्या अनुच्छेदाने मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत, वय व परिपक्वता पाहून, विचारात घेण्याचे बंधन आले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मुलाला भयमुक्तपणे मत मांडता यावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रमाकडून केली. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीवर विद्यार्थ्यांना स्थान आहे, परंतु पालक आणि शिक्षक यांच्यासमोर स्वच्छतागृहाच्या दुरवस्थेविषयी किंवा वर्गातील भीतीविषयी मुलाने बोलायचे असेल, तर नुसती खुर्ची देऊन भागत नाही. त्याला आधी माहिती द्यावी लागते आणि त्याच्या सूचनेचे पुढे काय झाले, हेही त्याला कळवावे लागते.

नॉर्वेच्या 1981 च्या बालकायद्यानुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेले मूल आपले शिक्षण स्वतः निवडते. महाराष्ट्रात साधारण याच वयात दहावीचा निकाल लागतो आणि अकरावीच्या प्रवेश अर्जात कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी एक शाखा निवडून महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. त्या अर्जावर नाव विद्यार्थ्याचे असते, पण तो क्रम अनेक घरांत त्याच्याशी न बोलताच ठरलेला असतो.