कुलगुरूंची निवड आणि सेनगावचा विद्यार्थी

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले, तेव्हा वाद पेटला तो मुख्यतः एकाच प्रश्नावर. शोध समितीने सुचविलेल्या पाच नावांतून राज्य शासनाने दोन निवडावीत, त्यांतील एकाची कुलपतींनी कुलगुरुपदी नेमणूक करावी आणि मंत्र्यांनी प्र-कुलपती व्हावे, अशी ती योजना होती. राजभवन श्रेष्ठ की मंत्रालय, हा सामना बराच काळ रंगला. त्याच विधेयकात विद्यापीठांमध्ये समान संधी मंडळ स्थापण्याची तरतूद होती, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी राहिले. २०२२ मध्ये सत्तापालट झाला, नव्या सरकारने विधेयक मागे घेण्याचे ठरविले, आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले.

कुलगुरू कोणी निवडावा हा प्रश्न गौण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मराठवाड्याने तर तसे म्हणूच नये. निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद आणि १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले पदवीधर होऊ लागली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला, त्यानंतर दलित वस्त्यांची राखरांगोळी झाली, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वेगळे विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाची एवढी किंमत महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मोजली गेली असेल.

आता हाच प्रश्न सेनगावातून विचारून पाहावा. हिंगोली गाठायची, तेथे गाडी बदलून नांदेड, आणि नांदेडाबाहेर विष्णुपुरीचा परिसर. हा प्रवास रोज करता येण्याजोगा नाही, म्हणजे वसतिगृह किंवा भाड्याची खोली आली. केंद्र शासनाने उच्च शिक्षणात मागे पडलेले ३७४ जिल्हे निवडले त्यांत हिंगोली होता, आणि त्या योजनेतून हिंगोलीला विद्यापीठाचे आदर्श पदवी महाविद्यालय आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पदवीनंतर पुढे शिकावयाचे तर अंतर पुन्हा उभे राहते.

अर्थशास्त्रात संधिव्यय नावाची संकल्पना आहे. वर्गात शिकविताना ती अवघड वाटते, सेनगावच्या शिवारात मात्र कोणालाही समजते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी आणि शिजवणी. त्या दिवसांत वर्गात बसलेला मुलगा घरच्या मजुरीचा जो रोज बुडवितो, ते त्याचे खरे शुल्क होय. विद्यापीठाच्या पावतीवर ते कोठेही छापलेले नसते. आपल्या सवलती मात्र बहुतेक पावतीवरच्या आकड्यालाच धरून असतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी दिली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण गावच्या महाविद्यालयात बी. ए.चा अर्ज भरणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग काय? तिचे शुल्क मुळातच थोडे असते. तिला अडविते ते जाण्यायेण्याचे अंतर, आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर काय, ही आईची धास्ती.

त्यातल्या त्यात स्वाधार योजनेचा विचार या दिशेचा आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ४३ हजार रुपये, असा तिचा हिशेब ठरला. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. रक्कम हातात येण्यापूर्वी खोलीचे भाडे मात्र दरमहा द्यावेच लागते, आणि ज्याच्याजवळ उधारी देणारा मामा नाही, त्याने हे सहा-आठ महिने कसे काढावेत, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनुसार समान संधी कक्ष आहेतच, मग मंडळ कशाला, असे कोणी म्हणेल. फरक अधिकाराचा आहे. कक्ष तक्रारीची वाट पाहतो. पहिल्या वर्षी नाव नोंदवून दुसऱ्या वर्षी न दिसणारा विद्यार्थी तक्रार करीत नाही, तो पुण्याला कामाला जातो. तालुकावार किती मुले आली, किती टिकली, किती मुली तिसऱ्या वर्षाला पोचल्या, हे दरवर्षी अधिसभेपुढे मांडण्याची सक्ती कायद्याने स्थापलेल्या मंडळावर करता आली असती.

अर्थात कुलगुरूंच्या हातात आजही बरेच आहे. परीक्षेचे वेळापत्रक विद्यापीठच ठरविते. सोयाबीनच्या काढणीचा पंधरवडा त्यातून वगळण्यास मंत्रालयाची किंवा राजभवनाची, दोघांचीही परवानगी लागत नाही.