छोट्या रातव्याची ओळख : पिसारा आणि स्वर

दक्षिण अमेरिकेतील छोटा रातवा (सेटोपॅजिस पार्व्हुला) हा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा निशाचर पक्षी होय. गूल्डने १८३७ साली त्याचे प्रथम वर्णन केले. नराच्या गळ्यावर, पंखांच्या टोकांजवळ व शेपटीच्या टोकाशी पांढरा रंग असतो. मादीच्या शेपटीवर तो नसतो. परंतु बसलेल्या पक्ष्याच्या पंखांवरील व शेपटीवरील या खुणा बहुतांशी झाकल्या जातात आणि उरतो तो पाचोळ्यात मिसळून जाणारा तपकिरी रंग. तो तर बहुतेक रातव्यांना समानच.

म्हणून स्वराचे प्रमाण अधिक बलवत्तर मानावे. प्रारंभी एक चढता स्वर व त्यापाठोपाठ जलद उतरत जाणारी गुडगुड, अशी याच्या गाण्याची घडण आहे. पश्चिम इक्वादोरमधील ज्या रातव्याचे चॅपमनने १९२३ साली वर्णन केले, तो पुढे याचीच उपजाती मानला गेला. त्याची हाक मात्र आखूड असून तीच ती पुन्हा उमटते. १९९४ साली स्वर व पिसारा यांच्या अभ्यासाने त्याचे स्वतंत्र जातित्व प्रस्थापित झाले.

भाषाभ्यासकास हे तत्त्व अपरिचित नाही. 'पळ' आणि 'फळ' यांतील महाप्राणत्वाप्रमाणे, जो भेद ओळख पालटतो तोच गणनीय. आणि पक्षी मूकच राहिला, खुणाही दिसल्या नाहीत, तर नोंदवहीत केवळ 'रातवा' असे लिहिणे हेच शास्त्रीय सचोटीचे लक्षण होय.