घरात दुसरा पडदा आणताना

आमच्या घरी सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. टेबल पुसून कोरडे झाले की त्याच टेबलावर कामाची बैठक भरते. एका टोकाला मी, सांगलीतील काही छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे घेऊन. दुसऱ्या टोकाला माझी लेक, तिच्या चित्रांसह. ती उपयोजित कलेच्या अखेरच्या वर्षात शिकते. दोघींचेही लॅपटॉप लहान पडद्याचे, आणि तिचा तर बराच जुना. गेल्या पावसाळ्यात तिला मानधनाचे पहिले काम मिळाले: मुलांच्या एका पुस्तकासाठी चोवीस पाने चित्रे. ही वार्ता ऐकून सासूबाईंनी आपल्या मुदत ठेवीच्या व्याजातून काही रक्कम काढली आणि ती माझ्या हाती देत म्हणाल्या, "पोरीला कामाला येईल असं काहीतरी घे. दागिना नको, अवजार घे."

आम्ही घेतला तो सोबत नेता येण्याजोगा टचस्क्रीन मॉनिटर. मनात विचार असा होता, की ज्या पडद्याला बोट लावता येते त्यावर चित्रही काढता येईल, आणि अकरा व वीस तारखेच्या धांदलीत तो माझ्याही उपयोगी पडेल. एका वस्तूत दोघींची सोय. परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती. त्या दहा दिवसांत जे उमगले, ते अशाच खरेदीच्या विचारात असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वस्तू आहे तरी कशी?

हे मॉनिटर दिसायला टॅब्लेटसारखे असले, तरी त्यांच्यात स्वतःचा संगणक नसतो. तो केवळ दुसऱ्या यंत्राचा पडदा. सर्वसाधारण आकार 15.6 इंच, म्हणजे सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि साडेएकोणीस सेंटिमीटर उंच. वजन किलोच्या आत. चित्र 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे. इतक्या ठिपक्यांत देवनागरी कशी दिसते, हे मी प्रथम पाहिले. बारा पॉइंटच्या मजकुरात 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक, रफार आणि अनुस्वाराचा ठिपका डोळ्यांना ताण न देता दिसला, तर पडदा वाचनाला योग्य समजावा. आमचा पडदा या परीक्षेत उत्तीर्ण झाला.

तो उभा करून ठेवला, तर ए-फोर आकाराचे संपूर्ण पान त्यावर मूळ आकाराच्या नऊ-दशांशाहून थोडे मोठे दिसते. मुद्रितशोधन करणाऱ्यांना ही सोय फार मोलाची वाटेल.

एकाच आकाराचे छिद्र, निरनिराळी कामे

पहिली अडचण पडद्यात नव्हती, आमच्या लॅपटॉपमध्ये होती. यूएसबी-सी हे लांबट गोल छिद्र आता बहुतेक यंत्रांवर असते; परंतु सारखे दिसणारे प्रत्येक छिद्र सारखे काम करीत नाही. काहींतून केवळ विद्युतभार आणि माहिती जाते, काहींतून चित्रही जाते. चित्र नेणाऱ्या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असे नाव आहे. ती माझ्या लॅपटॉपमध्ये होती. त्यामुळे चित्र, स्पर्श आणि वीज, तिन्ही गोष्टी एकाच तारेतून जाऊ लागल्या. लेकीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मात्र ती नव्हती. तिथे चित्रासाठी एचडीएमआयची तार, स्पर्शासाठी यूएसबीची दुसरी तार आणि विजेसाठी वेगळा चार्जर, असा तीन तारांचा गुंता टेबलावर झाला. एचडीएमआयच्या तारेतून चित्र जाते, बोटाचा स्पर्श परत येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मोबाइलचेही तसेच आहे. यूएसबी-सी असलेला प्रत्येक फोन पडद्यावर चित्र पाठवू शकत नाही.

दुसरी गंमत अशी, की लेक नव्या पडद्यावर बोट लावी आणि बाण हले तो लॅपटॉपच्या पडद्यावर! विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज' या ठिकाणी कोणता पडदा स्पर्शाचा, हे एकदा सांगावे लागते. ते सांगितल्यावर दोष गेला. मॅक संगणकाच्या मूळ प्रणालीत बाहेरच्या स्पर्शपडद्याची सोय नाही. तिथे उत्पादकाने वेगळा ड्रायव्हर दिला असेल, तरच बोट पूर्णपणे चालते. म्हणून पडद्याची माहिती वाचण्याआधी आपल्या यंत्राची माहिती वाचावी.

हिशेबाची कसोटी

माझ्या कामात मात्र पडद्याने मन जिंकले. एका बाजूला खरेदीची बिले, दुसऱ्या बाजूला नोंदवही. पूर्वी एक खिडकी मिटून दुसरी उघडताना मधला आकडा डोक्यात धरून ठेवावा लागे, आणि 6 चा 9 होण्याची भीती असे. आता दोन्ही आकडे समोरासमोर. पुसट बिलाचे छायाचित्र दोन बोटांनी मोठे करणे हे माऊसपेक्षा सहज. परंतु उभ्या पडद्यावर वारंवार हात उचलून ठेवला की खांदा भरून येतो, आणि हलक्या टेकूवरचा पडदा प्रत्येक स्पर्शासरशी डुलतो. त्यामुळे तासाभरात माझा हात आपोआप माऊसकडे वळला.

विजेचा हिशेबही मांडून पाहावा. असे पडदे साधारण आठ-दहा वॅट वीज घेतात. लॅपटॉपची बॅटरी 50 वॅट-तासांची आणि त्याचा स्वतःचा खर्च 10 वॅट धरला, तर ती पाच तास चालेल. त्यात पडद्याचे 8 वॅट मिळवले की पावणेतीन तास. 'कुठेही न्या' हे खरे. पण चार्जरही सोबत न्या.

बोट आणि लेखणी

आता ज्या कामासाठी रक्कम मिळाली होती, त्याकडे येऊ. पडद्यावर बोटाने रेघ उमटली. पण ती चित्रकाराची रेघ नव्हती. हात हलका ठेवला काय, दाबला काय, जाडी तीच. तळहात टेकला की भलतीकडेच डाग उमटे. बाजारातून रबरी टोकाची लेखणी आणली. तिने काहीच पालटले नाही, कारण अशी लेखणी म्हणजे पडद्याच्या दृष्टीने दुसरे बोटच. दाब ओळखणारी लेखणी निराळी. ती ओळखण्याची व्यवस्था पडद्यातच असावी लागते, आणि लेखणी व पडदा यांची पद्धतही जुळावी लागते. आमच्या पडद्याच्या वेष्टनावर 'दहा बोटांचा स्पर्श' असे ठळक छापले होते. लेखणीचा उल्लेख नव्हता. आम्ही जे नव्हते ते वाचले.

हा भेद आजचा नाही. अमेरिकेतील एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी 1963 मध्ये 'स्केचपॅड' ही संगणकावर रेखाटन करण्याची प्रणाली मांडली, ती प्रकाश-लेखणीने चालत असे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली, तिच्यामागे विमानवाहतूक नियंत्रणाची गरज होती. तेथे रेखाटायचे नव्हते, दिसणाऱ्यांपैकी एक निवडायचे होते. म्हणजे आरंभापासूनच रेखाटण्यासाठी लेखणी आणि निवडण्यासाठी बोट, अशा या दोन स्वतंत्र वाटा आहेत. आम्ही निवडण्याचे साधन रेखाटण्यासाठी आणले होते.

रंगांची परीक्षा

दुसरी उणीव रंगांची. लेकीने काढलेले शेंदरी परकर आणि हिरवे शेत या पडद्यावर मातकट दिसे. वेष्टनावर '45 टक्के एनटीएससी' असे लिहिले होते. एनटीएससी हे 1953 सालचे अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानक. आज संगणकावरील चित्रांसाठी एसआरजीबी हे मानक वापरतात. त्या मापाने 45 टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साठ टक्क्यांहून थोडे अधिक. पूर्ण एसआरजीबी हवे, तर एनटीएससीच्या मापात आकडा 72 च्या आसपास असावा लागतो. हिशेबाच्या पडद्यावर ही उणीव जाणवत नाही, चित्राच्या पडद्यावर ती झाकत नाही. शिवाय स्पर्शाच्या पडद्यावर बहुधा चकाकणारी काच असते. दुपारी खिडकीसमोर बसले की त्यात चित्राऐवजी खिडकीच दिसे.

नववा दिवस

या सर्व उणिवा लेकीला तिसऱ्या दिवशीच कळल्या होत्या. ती बोलली नाही. नवव्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले, तर ती टेबलावर कागद पसरून शाईने चित्र काढीत होती. ते फोनने टिपून लॅपटॉपवर घेत होती आणि टचपॅडवर बोट घासत रंग भरीत होती. नवा पडदा माझ्या टोकाला मिटून ठेवलेला.

मी विचारले, "अगं, यावर का नाही करत?"

ती म्हणाली, "आई, तुझं काम त्यावर छान चाललंय. आणि आजीचे पैसे आहेत. परत करू असं कसं म्हणू?"

मला बोलायला शब्द सुचेना. अवजार जिच्यासाठी आणले, ती कागदावर राबत होती, आणि ज्या सोयीची मी आठवडाभर घरात स्तुती करीत होते, ती माझी सोय होती. सकाळी सासूबाईंना सारे सांगितले. त्याही या पडद्यावर दोन बोटांनी अक्षरे मोठी करून वर्तमानपत्र वाचू लागल्या होत्या. माऊस त्यांना कधी जमला नाही, स्पर्श मात्र पहिल्याच दिवशी जमला. म्हणून वाटले होते, त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "मी फोनवर वाचते की! पैसे मी वस्तूला दिले नव्हते, तिच्या कामाला दिले होते. आज दहावा दिवस ना? मग बसलीस काय?"

पडदा परत गेला. त्याच रकमेत स्पर्श नसलेला, पूर्ण एसआरजीबी रंगांचा, न चकाकणाऱ्या पृष्ठभागाचा साधा पडदा आला. जोडीला लेखणीची एक लहान पाटी, म्हणजे पेन टॅब्लेट, आली. ही पाटी टेबलावर सपाट असते, तिची लेखणी दाब ओळखते, आणि नजर समोरच्या पडद्यावर राहते. हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे, याची सवय व्हायला लेकीला दोन आठवडे लागले. त्यानंतर मात्र कागदावरून टिपणे थांबले. पडदा सायंकाळी नऊपर्यंत माझा, पुढे तिचा.

घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे

स्पर्शाचा पडदा वाईट, असे माझे म्हणणे नाही. ग्राहकाला समोर बसवून नमुने दाखवणारे, विद्यार्थ्यांना आकृती दाखवणारे शिक्षक, माऊस न जमणारी ज्येष्ठ मंडळी, यांना तो खरोखर उपयोगी आहे. स्पर्शासाठी साध्या पडद्याहून अधिक पैसे मोजावे लागतात, म्हणून प्रश्न एवढाच, की तो स्पर्श कोणाच्या कोणत्या कामाला येणार?

आपल्या यंत्राचे छिद्र चित्र पाठवते का? नसेल, तर किती तारा लागतील? चित्र काढायचे असेल, तर दाब ओळखणाऱ्या लेखणीचा स्पष्ट उल्लेख आहे का, आणि ती लेखणी सोबत मिळते की वेगळी घ्यावी लागते? रंगांचे प्रमाण एसआरजीबीत दिले आहे का? टेकू बोटाच्या दाबाला स्थिर राहतो का? परत करण्याची मुदत किती? पडदा घरी येताच पांढरा, काळा, तांबडा, हिरवा आणि निळा असे पाच कोरे रंग भरून मृत ठिपके शोधावेत, आणि पहिल्या तीन दिवसांत आपले खरे काम त्यावर करून पाहावे. ज्याच्यासाठी वस्तू आणली, त्याला एकांतात, मोकळेपणाने विचारावे. आम्ही हे शेवटचे विचारायला नऊ दिवस लावले.

चोवीस चित्रांपैकी अठरा पूर्ण झाली आहेत. शेंदरी परकर आता शेंदरी दिसतो. छापील नमुना हाती येईपर्यंत त्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नये, असे लेक सांगते, कारण छपाईचे रंग पडद्याच्या रंगांहून वेगळ्या रीतीने मिसळतात. सासूबाई रोज रात्री चष्मा लावून एक चित्र पाहतात आणि कधी कधी सवयीने पडद्याला बोट लावतात. काही हलत नाही. मग त्या नातीला म्हणतात, "जरा मोठं करून दाखव गं."